कारण: खांदे

आमच्या शाळेत गणवेश नाही.
तसं माहितीपत्रकात छापलंय,
हसऱ्या मुलांच्या फोटोखाली, तिसऱ्या ओळीत.

गणवेश नाही, अपेक्षा आहेत.
अपेक्षांची दीड पानं.
ती मीच टाईप केली, दोनदा,
कारण नवे मुख्याध्यापक मिस्टर ऑल्डरशॉ
यांना 'सभ्य' हा शब्द टोचला.
आता तिथे 'उचित' आहे.
उचित म्हणजे किती सेंटिमीटर, हे कुठेच नाही.

माझ्या टेबलाचा खालचा खण अडकतो,
गुडघ्याने ढकलावा लागतो.
आत अकरा राखाडी टी-शर्ट,
सगळे एकाच मापाचे,
म्हणजे कुणाच्याच मापाचे नाहीत.
उघडं पोट, उघडे खांदे,
छातीवर छापलेली कोरियन शिवी
(ती शिवी आहे हे कळायलाच आम्हाला नोव्हेंबर उजाडला)
अशांना मी एकेक काढून देते.
वहीत नाव, इयत्ता, कारण, सही.
संध्याकाळी परत.
तीन नोंदी झाल्या की घरी पत्र.

फेनाच्या घरी गेलं होतं.
तिच्या वडिलांनी पत्राला पत्राने उत्तर दिलं,
दूतावासाच्या जाड कागदावर,
'व्यक्तिस्वातंत्र्य' दोन वेळा.
तेव्हापासून फेनाचे खांदे मला दिसत नाहीत.

आमच्या वेळी तपकिरी झगा, काळा एप्रन.
पांढरी कॉलर रविवारी रात्री उसवायची,
धुवायची, इस्त्री करून पुन्हा टाचायची.
सगळ्या सारख्या. तरी
कुणाची कॉलर लेसची
आणि कुणाची जुन्या चादरीची
हे शेवटच्या बाकावरूनही दिसायचं.
मग देश गेला, गणवेश गेला,
त्यांच्या मागोमाग वीज.
शेवटच्या वर्षी मी वडिलांच्या कोटात शाळेला जात होते,
बाह्या चारदा दुमडून.
बाई हातमोजे घालून फळ्यावर लिहायच्या.
त्या हिवाळ्यात तिबिलिसीत
कुणाच्या काही अपेक्षा नव्हत्या.

तेकला नववीत आहे, शिष्यवृत्तीवर.
ग्लदानीच्या टोकाहून दोन बस बदलून येते.
रोज तोच काळा स्वेटशर्ट.
दीड पानात बोट ठेवायला जागा नाही.
गणवेश नसलेल्या शाळेत
गणवेश पाळणारी ती एकटी.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी खिडकीशी आली,
जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.
"टी-शर्ट मिळेल?"
कारण?
तिने भिंतीवरचा तक्ता वाचल्यासारखं केलं.
"खांदे," म्हणाली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. खांदे.

नियमाप्रमाणे मी जॅकेट उघडायला सांगायला हवं होतं.
मी खण ढकलत बसले, बंद असलेला खण.
संध्याकाळी टी-शर्ट परत आला
दुकानातल्यासारखी घडी घालून,
आणि ती जाता जाता, माझ्याकडे न बघता:
"बुधवारी धुतो आम्ही.
जाड आहे ना तो,
एका रात्रीत वाळत नाही."

तिसरा गुरुवार.
पेन माझ्या हातात, वही उघडी,
तिच्या नावापुढे दोन नोंदी.
ती सही करायला वाकली
तेवढ्यात मी वही माझ्याकडे फिरवली
आणि लिहिलं:
नेस्तान. इयत्तेच्या रकान्यात, कार्यालय.
कारण, खांदे.
सही केली. तारीख घातली.
टी-शर्ट घेऊन ती उभीच राहिली.
जा, म्हटलं, घंटा झाली.

महिनाअखेरीला मिस्टर ऑल्डरशॉ वही चाळतात.
त्यांचं बोट थांबलं.
त्यांनी वर पाहिलं:
बावन्न वर्षांची बाई, लोकरीचा कार्डिगन,
गळ्यापर्यंत सगळी बटणं.
काहीतरी बोलणार होते. फोन वाजला.

आज माझ्या नावावर चौथी नोंद पडली.
घरी पत्र अजून आलेलं नाही.
यायचं असेल तर
टाईप मलाच करावं लागेल.