गोळी बदलल्यावर

पहाटे तीनला बाबांचा वरचा ओठ
बाबांच्या आधी जागा झाला.
ताणलेला, चकचकीत, दुसऱ्याच कुणाचा तरी.
प, फ, ब, भ, म –
अख्खा वर्ग संपावर.
एरवी "पमे" अशी हाक मारणारा माणूस
नुसतं "ए, ए" करत मोरीच्या दाराशी.

आईनं आधी कोलंबीला धरलं,
मग ढेकणाला,
मग भाऊच्या धक्क्यावरच्या त्या कोळणीला, नाव घेऊन.
मी टॅक्सी धरली.

केईएममध्ये रात्रपाळीची डॉक्टर,
अंबाड्यात बॉलपेन खोचलेली,
म्हणाली, पिशवी उलटी करा.
पडल्या दोन रीड, रबरबँड लावलेल्या,
मुलुंडच्या वरातीची चिठ्ठी,
आणि प्रेशरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.

"ही कधीपासून?"
"तीन वर्षं. म्हणजे ही नसणार.
ही तर घरातलीच."
"हीच," ती म्हणाली,
आणि सकाळपर्यंत दर थोड्या वेळानं
टॉर्च मारून घसा बघत राहिली,
सूज आत उतरतेय का ते.
तेव्हा मला कळलं
की ओठ ही फक्त पाटी होती.

कागदावर लाल शाईनं: ही गोळी पुन्हा कधीही नाही.
"पण औषध सोडायचं नाही हं काका, बदलायचं."
बाबांनी मान डोलावली.
पस्तीस वर्षं परळच्या बँडमध्ये क्लॅरिनेट;
नवरदेव बदलतो, गाणी बदलतात,
ह्यांना बदलायचं शिकवायला नको.

ओठ दोन दिवसांत ओठासारखा झाला.
पहिला शब्द "पमे" नव्हता. "पाव" होता.

नव्या गोळीनं महिन्याभरात पाय धरले.
युनिफॉर्मचे काळे बूट चढेनात.
घोसाळकर मास्तर म्हणाले, चपला चालतील,
पण ड्रमच्या मागे उभे राहा, फोटोत नको.
आई म्हणते, डॉक्टरला सांगा.
सांगणार आहेत. सोमवारी.

आज रात्री पाणी प्यायला उठले
तर बाबा खाटेवर बसलेले, लेंगा वर सरकवून.
नडगीवर बोटं दाबून धरलेली,
एकेक उचलत होते.
खाली खड्डे, ओळीनं,
क्लॅरिनेटच्या भोकांएवढे.
वाकून बघत होते
कुठला सूर आधी भरून येतो.

मी दिवा लावला नाही.
करंगळीचा सगळ्यात शेवटी भरला.