पश्चिम बाजू, चौथा मजला

एकतीस वर्षं फिरत्या फाटकाशी बसलो,
अकरा नंबर, गॅस्केल गल्लीच्या तोंडाशी.
कपाटाएवढी खोली, पायाशी लोखंडी पट्टी.
माणूस यायचा, नाणी सरकवायचा, मी पट्टी दाबायचो:
खट्.
एक खट्, एक माणूस.
हा क्लबचा हिशेब.

माझा जरा सैल होता.
बापाच्या ओल्या कोटाला चिकटून पोर आलं
तर दोघांत मिळून एक खट्.
बूथरॉइडची जुळी आली की तिघांत.
सोमवारी पेपरात आकडा छापून यायचा,
चौदा हजार अमुक तमुक,
आणि मी चहात पाव बुडवत मनात म्हणायचो,
छे! जास्त होतो आम्ही.

जुना स्टँड पाडला त्या दिवशी
हिल्डा म्हणाली, जाऊन ये, नाहीतर चुकचुकत बसशील.
गेलो नाही.
चुकचुकत बसलो.

आता तिथं नवा आहे, चार मजली.
दुपारी दोनपासून त्याची सावली
गल्लीतल्या परसांवर उतरते.
टॅटर्सलबाईंची चादर वाळेना.
त्यांनी क्लबला लिहिलं; क्लबनं दिलगिरी धाडली,
सोबत दोन तिकिटं.
बाईंनी ती दोरीवर चिमट्यानं लावली.
अजून तिथंच आहेत,
वाळत.

मला क्लबनं ब्लेझर दिलाय, निळीच्या रंगाचा.
(गावात रंगाचे कारखाने होते तेव्हा
नदी कधी निळी, कधी लाल वाहायची.
कारखाने गेले, नदी पाण्याच्या रंगाची झाली,
आम्हाला मात्र अजून रंगारीच म्हणतात.)
मी लिफ्टशी उभा राहतो. या सर, या मॅडम.
गालिचा एवढा जाड
की माझीच पावलं मला ऐकू येत नाहीत.

आत बदकाचं मांस, बोटाएवढे बटाटे,
भिंतीवर टीव्ही,
आणि समोर तिपदरी काच.
काचेपलीकडे मॅच चालू असते
माशांच्या टाकीसारखी.
गोल होतो. पलीकडे हजारो हात वर जातात,
हजारो तोंडं उघडतात,
इकडे फक्त पेल्यातला चमचा किणकिणतो.
मग चार सेकंदांनी टीव्ही ओरडतो
आणि सगळे वळून बघतात
टीव्हीकडे.

परवाच्या शनिवारी उत्तरार्ध सुरू होऊन
नऊ मिनिटं झाली होती.
बाहेर गादीच्या खुर्च्या रांगेनं रिकाम्या,
कारण चीज अजून यायचं होतं.
फलकावर आकडा झळकला:
एकतीस हजार दोनशे सहा. सर्व जागा विकल्या.
मी माना मोजल्या. खोड जात नाही.
तेव्हा मोजले त्याहून जास्त असायचो,
आता असतो त्याहून जास्त मोजतात.
यात कोण कुणाला फसवतं
मला सांगता येणार नाही,
मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो.

तेवढ्यात सामानाच्या लिफ्टमधून दोरोता आली,
भांडी घासते ती, हात कोपरापर्यंत लाल.
मागे तिचा कुबा, आठ वर्षांचा,
गळ्यात पास नाही, पायात शाळेचे बूट.
काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.
मी छताकडे पाहिलं.
छतही नवीन आहे, बघण्यासारखं आहे.

मग बाल्कनीचं दार उघडलं.
गार वारा घुसला, वाऱ्याबरोबर आवाज,
तंबाखू, ओलं गवत, कुणाची तरी आई-बहीण.
नॅपकिन लावलेला एक जण म्हणाला, दार!
लावतो सर, म्हटलं,
आणि पोर माझ्या कोपराखालून सटकलं.

उजवा पाय आपोआप दाबला गेला
गालिच्यावर.
आवाज आला नाही.

तिसरी रांग, चाळिसावी खुर्ची.
दुसऱ्या कुणाच्या नावे मोजून झालेल्या जागेवर
एक न मोजलेलं पोर
बूट हलवत बसलं.
समोर काही विशेष चाललं नव्हतं,
नुसता थ्रो-इन, तोही त्यांचा,
पण कुबानं दोन्ही मुठी वर करून
अशी आरोळी ठोकली
की मला दार लावायचं राहूनच गेलं.