लेफ्ट

साखरी नाटे. सातवीचा वर्ग, चौथा तास.
फळ्यावर मी लिहिलं : लीव्ह.
अर्थ सांगा.
सोडणे, बाई, म्हणाली सगळी एका सुरात,
आणि बंदरावर बर्फाच्या गाडीनं भोंगा दिला.

सोडणं ह्यांना मी काय शिकवणार.
इथं जाळं सोडतात तेव्हा दोर घट्ट धरतात.
होडी सोडतात ती भरतीचा अंदाज घेऊन,
रोजा सोडतात खजुरानं,
आणि भर लिलावात एकदा जरीनाचाचीनं
दलालाला सोडला नव्हता,
ते तर अख्ख्या गावाला पाठ आहे.

म्हटलं, नुसतं सोडणं नाही रे.
किल्ली शेजारी ठेवून जाणं, तेही लीव्ह.
ताटाच्या कडेला काटे ठेवणं, लीव्ह.
महिनाभर हेडसरांच्या टेबलावर पडलेला माझा अर्ज,
तीन दिवसांची रजा,
तीही लीव्हच.
पोरं हसली. हेडसर नेमके दारातून चालले होते.

मग भूतकाळ : लेफ्ट.
डावा हात! सुहैल ओरडला.
बसवलं खाली त्याला, तसा तोही चुकला नव्हता.
गेला तो लेफ्ट, मी म्हटलं,
आणि मागं उरलं तेही लेफ्ट.

नसीमा सोलकरनं तोंडातली पेन्सिल काढली.
दोन्हीला एकच?
एकच.
मग कळायचं कसं, बाई, कोण गेलं नि काय उरलं?
वाक्यावरून कळतं, म्हटलं.
फार पुस्तकी उत्तर. घंटा झाली म्हणून सुटले.

रात्री वह्यांच्या गठ्ठ्यात तिची वही.
कोपऱ्यात खवला चिकटलेला, टिकलीएवढा.
तीन ओळी, पेन्सिल दाबून दाबून :

अब्बा लेफ्ट फॉर कतार.
ही लेफ्ट हिज रेनकोट.
टू नेट्स लेफ्ट.

तिसरीत 'आर' राहिलं होतं.
एवढंसं क्रियापद विसरली पोरगी,
तर दोन्ही जाळी उठून
बापाच्या मागोमाग निघालीसुद्धा.

लाल पेन उघडलं.
दोन शब्दांच्या फटीत हंसपद काढून
वर बारीक अक्षरात लिहिलं : आर.
आणली ओढून दोन्ही,
पडवीतल्या खुंटीवर टांगली पुन्हा.

रेनकोटाच्या ओळीला हात लावला नाही.
ती बरोबरच होती.