हजेरीपटातली रेघ

सहावी ब च्या हजेरीपटात
तिसाव्या नावाखाली एक रेघ होती.
पट्टी ठेवून ओढलेली, लाल.
रेघेखाली सात नावं, कायद्याने आलेली.
त्यांची फी सरकार भरतं म्हणे,
भरतं तेव्हा.
ती रेघ मी ओढली नव्हती.
मी फक्त तीन वर्षं रोज सकाळी
तिसाव्या नावानंतर जरा दम घ्यायची.

मुलांना दम ऐकू येतो.
त्यांनी त्या सातांना नाव ठेवलं होतं: खालचे.
"मॅडम, सहलीला खालचे पण येणार?"
वर्ग तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून हिंगणा रोडची मेट्रो दिसायची,
आपल्याही खालून गेल्यासारखी.

जानेवारीत विविधता दिवस झाला.
गेटवर पुठ्ठ्याचं इंद्रधनुष्य,
मधे थर्माकोलची पृथ्वी, जरा चेपलेली.
नाचाच्या बाई रुचिता कोडापेच्या डोक्याला
कोंबडीची पिसं बांधायला गेल्या.
ती मागे सरली.
"आमच्या घरी कोणी नाही लावत, मॅडम.
पप्पा लाइनमन आहेत. हेल्मेट लावतात."
बाई हसल्या. मीही हसले.
पिसं मग मोहित खूबचंदानीने मागून घेतली
अन् दिवसभर व्हरांड्यात आरवत फिरला.

मार्चमध्ये निबंध: माझा आवडता दिवस.
तिने लिहिलं,
*मले रविवार आवडते. पप्पा रातभर खांबावर राह्यते,*
*सकाळी येऊन झोपते.*
*आमी टीवीचा आवाज बंद करून पाह्यतो.*
*कोन काय बोलून राह्यलं ते मी लहान्या भावाले सांगतो,*
*हळूच, मनानंच बनवून.*
नऊ ओळींत चौदा लाल गोल.
शेरा: भाषा सुधार.
गोल इतके सुबक आले होते
की निबंध वाचायचा राहून गेला.

पालकसभेला तिची आई आली.
वही उघडून बसली,
गोलांवरून एकेक बोट फिरवत.
मी बोलत होते माझी बी.एड.ची मराठी,
इस्त्री केलेली, खांद्यावर पिन लावलेली.
नागपुरात मार्चअखेर कूलर लागतात,
आमचा नेमका तेव्हाच खडखडून थांबला.
मी शिपायाला हाक मारली,
"अहो भाऊ, पाणी टाका नं बाप्पा,
काहून बंद करून ठेवला?"

तिने वहीतून मान वर केली.
"तुमी उमरेडकडच्या का वो?"

तीस वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं.
"हाव," मी म्हटलं.
तेवढंच आलं तोंडातून.
"मंग हे गोल काहाले?"
रागावून नाही. भाजीचा भाव विचारावा तसं.

मी सांगितलं: परीक्षा असते, प्रमाणभाषा असते,
पुढे पोरीलाच जड जाईल.
खोटं नव्हतं काही.
पण उत्तर माझ्या गुरुजींचं होतं,
शब्दन्‌शब्द,
फक्त छडी वगळून.

उन्हाळ्यात नवा पट मी घरी नेला.
आडनावं अक्षराप्रमाणे लावली:
कुलकर्णी, कोडापे, खूबचंदानी.
क नंतर ख येतो,
यात क्रांतीबिंती काही नाही.
डोंगरे क्लार्क म्हणाले,
"ऑडिटच्या वेळी शोधत बसावं लागेल, मॅडम."
म्हटलं, शोधा.
त्यांनी आपल्यापुरता एक वेगळा पट करून ठेवलाय,
रेघेसकट. कपाटात आहे. मला माहीत आहे.

जून संपताना शाळा उघडली. सातवी ब.
बाकांना नव्या वार्निशचा वास, दारात ओल्या चपला.
मी नावं घेत गेले.
तीस झाले
अन् सवयीने थांबले.

एकतिसावी होती ईश्वरी सहस्रबुद्धे.
वाट बघून तिचा चेहरा उतरला.
"मॅडम, माझं नाव नाही का?"

मी उत्तर देण्याआधी
दुसऱ्या बाकावरून रुचिता वळली.
"आहे नं, थांब.
मॅडम तिथं दम घेते."