परिशिष्ट ड

रिसबूड साहेब पिशवीतून कागद काढतात ते शेवटी.
आधी चष्म्याचं घर, मग डबा, मग हे:
चिठ्ठ्या, बसच्या तिकिटांच्या पाठी,
एका लग्नपत्रिकेची आतली कोरी बाजू.
"अहवाल झाला, शरयू. आता हे उरलंय."

नारायण पेठेतलं आमचं तळघर, दोन कॉम्प्युटर, एक पंखा.
'पूर्व भागातील पेठांच्या जलवाहिन्या व झडपा':
प्रकरणं सहा, नकाशे अकरा,
आणि हे, ज्याला नाव नाही.

मी म्हटलं, परिशिष्ट टाकू.
"परिशिष्ट म्हणजे माळ्यावरची ट्रंक.
घर बदलताना नेतात सगळे, उघडत कोणी नाही."
पुरवणी?
"परीक्षेतली वाटते. दोऱ्याने बांधलेली."
जोडपत्र?
"त्याला शिक्का लागतो."
संकीर्ण?
"ह्या शब्दाखाली आमच्या खात्यात
चहाची बिलं जायची."
मी 'अधिक माहिती' टाइप करून दाखवलं, ठळक, मधोमध.
ते बराच वेळ बघत राहिले.
"कशापेक्षा अधिक?"

मग मी चिठ्ठ्या लावायला घेतल्या.

गंज पेठ, गिरणीसमोर. ही उलटी फिरते.
डावीकडे बंद. फेरे बारा, तेराव्याला मोडेल.
सांगणार लोंढे, चावीवाला. पहाटे साडेतीन.

भवानी पेठ. नकाशात दोन फूट, जमिनीत चार.
वर विजेची केबल. टिकाव हळू.

नाना पेठ, बोळाच्या तोंडाशी.
नकाशात आहे. इथे नाही.
शोधू नये.

लोंढे कुठे असतात आता?
साहेबांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"फलटणला, मुलीकडे. माणसं ओळखत नाही.
हात फिरतो मात्र, चादरीवर.
डावीकडे.
मी मोजले."

किती, ते मी विचारलं नाही.
शीर्षकाच्या जागी कर्सर लुकलुकत होता,
मी लिहिलं: चावी हातात घेण्याआधी.
साहेब काही बोलले नाहीत.
डबा उघडून पुढे केला. साबुदाण्याची खिचडी, गार.

पंधरा दिवसांनी अहवाल परत.
शेरा: शीर्षक विहित नमुन्यात नाही.
'परिशिष्ट ड' असे करावे.

केलं.
खाली, बारीक टाइपात, माझी ओळ राहू दिली,
आणि बाइंडरला म्हटलं, हे 'ड' आहे ना,
हे सगळ्यांत पुढे लाव. प्रस्तावनेच्याही आधी.
तो म्हणाला, ताई, क्रम चुकतोय.
म्हटलं, असू दे.
पुणं आहे. कोणीतरी चूक काढेलच,
आणि चूक काढायला
त्याला ते पान वाचावं लागेल.