मुरड

झेन्झीचा उजवा हात फेब्रुवारीपासून टेबलावर ठेवलेला असतो,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघते.
"अजून मळ," म्हणते. "कानाच्या पाळीइतकं मऊ."
मी स्वतःचा कान चाचपतो, पिठाच्या हातानं.
ती हसते, अर्ध्या तोंडानं.
पूर्वी पूर्ण हसायची तेव्हाही साधारण इतकंच हसायची.

एकतीस वर्षं मी पोस्टाची बस चालवली,
हेरमागोर ते क्योत्शाख आणि परत,
बर्फात, धुक्यात, गाई कुरणांवरून खाली उतरतात त्या सप्टेंबरांत.
डोंगराचं एकेक वळण या मनगटांना पाठ आहे.
आणि ही बोटभर कड
मला वळवता येत नाही.

सारण जमलं. ते सोपं.
चक्क्याहून कोरडं, हातात चुरा होणारं टॉपफेन,
काट्यानं मोडलेले बटाटे, लोण्यात परतलेला कांदा,
खिडकीखालच्या कुंडीतला तपकिरी पुदिना.
"अजून घाल. घाबरतोस काय,
पुदिना आहे, औषध नाही."

आमच्या खोऱ्यात म्हणतात,
जिला कासनुडलला मुरड घालता येत नाही
तिला नवरा मिळत नाही.
पोरांबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.
पोरं आपली बसायची, काटा हातात धरून.

तर असं: गोल पारी. मधोमध अक्रोडाएवढा गोळा.
दुमडायचं. हवा बाहेर.
मग अंगठ्यानं कड जराशी ओढायची, आत वळवायची, दाबायची,
तिच्या खांद्यावर पुढची,
पुढचीच्या खांद्यावर तिच्या पुढची.
झेन्झीची व्हायची दोरखंडासारखी.
माझी दिसते पंक्चरच्या ठिगळासारखी.

"पाणी सांगेल," ती म्हणते.
पाणी सांगतं.
पहिल्या सहांतल्या चार उकलतात.
मी शिवी देतो. ती देत नाही.
खिडकीबाहेर बघत बोलते,
हवामानाबद्दल बोलावं तशी:

"एकदा मी निघून गेले होते.
निळी सूटकेस घेऊन.
त्या दिवशी गाडीवर तू नव्हतास, तो बहिरा लुइट्पोल्ड होता.
फिलाखच्या स्टेशनात दोन तास बसले.
ग्राझचं तिकीट काढलेलं.
मग आठवलं, पाटावर चाळीस नुडल झाकून ठेवल्यात
आणि फडकं ओलं करायचं राहिलं.
कडा वाळल्या असत्या."

पाणी उतू जातं. मी आच कमी करत नाही.

मला ते जेवण आठवतं, हेच वाईट.
मी म्हणालो होतो,
"आज कडा जरा कडक झाल्यात."
आणि तीन जास्तीच्या खाल्ल्या होत्या.

मनाला घातलेली मुरड
किती वर्षं टिकते, कुठल्या पाण्यात उकलते,
हे मी विचारत नाही.
विचारतो, "तिकिटाचे पैसे परत मिळाले?"
"अर्धे," ती म्हणते.

मग डावा हात पुढे करून
एक पारी स्वतःकडे ओढते.
पारी सरकते. पुन्हा सरकते.
मी तिचा उजवा हात उचलून
पारीच्या टोकावर ठेवतो,
वजन म्हणून.
ती काही म्हणत नाही.
डावा अंगठा ओढतो, वळवतो, दाबतो,
मध्येच थांबतो, जणू पत्ता विसरला.
कड होते. वाकडी. माझ्याहून बरी.

तिची खुर्ची मी शेगडीशी ओढतो.
नुडल तळाशी जाते,
बराच वेळ काही होत नाही,
वर येते, कुशीवर वळते
आणि उकलते.
"च्यायला," झेन्झी म्हणते.

आम्ही उकललेल्याच खातो त्या रात्री.
झाऱ्यानं गोळा केलेलं सारण, पिठाच्या चिंध्या,
वरून लोणी, करपायच्या क्षणभर आधी उतरवलेलं.
मीठ बरोबर आहे, असं ती दोनदा सांगते.

उरलेल्या पाऱ्या पाटावर मांडतो.
फडकं नळाखाली धरतो,
पिळतो,
कोपरे नीट ओढून
झाकून ठेवतो.