कावड

थर्मामीटरचा पारा कधीच गोठून गप्प झालेला.
ओग्दो नाकावरून थंडी सांगायची:
श्वास घेताना आत काही कडकडलं
आणि थुंकी जमिनीला लागायच्या आधी वाजली,
की समजावं, उणे पन्नास उलटलं.

पाणी आमच्याकडे भरत नसत, रचत.
नोव्हेंबरात तळं करवतीने कापायचं,
लाद्या दाराशी उभ्या करायच्या,
निळ्या; एखादीत अडकलेलं वाळुंजीचं पान.
रोज एक लादी आत, पिंपात.
सकाळी चहापुरतं पाणी सुटलेलं.

बाबा गेले त्या वर्षी लाद्या कोणी कापल्या नाहीत.

मी नऊ वर्षांची. ओग्दोला आमच्या घरात येऊन
दोन हिवाळे झालेले.
गोठ्यात, कंदिलाखाली, गायीच्या पोटाला कपाळ टेकून
ती धार काढता काढता गोष्ट सांगायची:

एक पोरकी पोर होती.
सावत्र आईने तिला रात्रीचं पाण्याला धाडलं.
(हे दोन शब्द ती जराही न अडखळता म्हणायची,
सरकारी कागदावरचं आपलं नाव वाचावं तसे.)
पोर बर्फातल्या भोकाशी उभी राहिली, बोटं कडीला चिकटलेली,
वर बघून म्हणाली, न्या मला. कोणीही न्या.
सूर्य म्हणाला, माझी. चंद्र म्हणाला, माझी.
सूर्य थोरला खरा, पण वेळ रात्रीची.
चंद्र उतरला. पोर घाबरली,
हाताशी आलेलं वाळुंजीचं झुडूप तिने धरलं,
तर झुडूपही मुळांसकट तिच्याबरोबर गेलं.
ते बघ. खांद्यावर कावड, दोन बादल्या, बाजूला झुडूप.

'मग त्या आईचं काय झालं?' मी विचारलं.

धार थांबली.
गायीने मागे वळून पाहिलं.
'काय व्हायचंय?' ओग्दो म्हणाली,
'दार उघडं टाकून बसली असेल वाट बघत.
घरातली सगळी ऊब गेली असेल, बावळट.'
आणि पुन्हा बादलीत धार वाजू लागली.

त्याच महिन्यात एकदा मध्यरात्री जाग आली.
शेजारची गादी गार. भट्टीत एकच निखारा.
बाबांचे जुने बूट खुंटीखाली नव्हते.

मी दार ढकललं. धुक्याचा लोट पायाशी लोळला.
बाहेर इतका चंद्र, की कुंपणाच्या काठ्या
दोन दोन दिसत होत्या.
तळ्याकडून ती येत होती.
कावडीखाली वाकलेली, पापण्या पांढऱ्या,
बादल्यांच्या काठांना बर्फाच्या झालरी.
दर दहा पावलांनी थांबायची,
खांदा बदलायची नाही, नुसती थांबायची.

मी काही बोलले नाही. तीच ओरडली:
'आत हो! कान गळून पडतील!
दार लाव आधी!'

मी दार लावलं नाही.

आता याकुत्स्कमध्ये चौथ्या मजल्यावर राहते.
नळ सोडला की पाणी येतं, त्यात नवल काही नाही.
माझा मुलगा शाळेतून शिकून येतो:
ते डाग म्हणजे थिजलेला लाव्हा.
असेल. मी वाद घालत नाही.
फक्त पौर्णिमेला खिडकीची काच खरवडून बघते
आणि दर वेळी वाटतं, गोष्टीत कुठेतरी चूक आहे:
ते खांदे पोरीचे नाहीत.
फार रुंद आहेत.

ओग्दोला फोन केला. मोतीबिंदू पिकलाय तिचा.
'मला नुसता पांढरा गोळा दिसतो,' म्हणाली,
'तू सांग, झुडूप आहे ना अजून?'
'आहे.'
'मग ठीक. धरायला काहीतरी हवंच.'
मग थोडा वेळ नुसता तिचा श्वास,
आणि मागे कुठेतरी
किटली उकळल्याचा आवाज.